नखाची खूण

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या. सोफ्यावर बसल्या, पण डोळे सारखे गॅलरीकडे. पाणी पिऊन झालं तशा उठल्या, गॅलरीच्या दाराशी गेल्या आणि तिथल्या पांढऱ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडची एक पाकळी चिमटीत धरून तिच्यात हलकेच नख रुतवलं. "अगंबाई, खरं आहे की हे! मला वाटलं प्लास्टिकचं आणून ठेवलंयस." मग मनापासून कौतुक केलं, "शुक्रवारी पाचला नक्की ये हं" म्हणाल्या आणि पुढच्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकळीवर नखाची कोर उमटलेली होती. आधी ओलसर, तेलाचा थेंब पडलेल्या कागदासारखी पारदर्शक, आणि दोन दिवसांत तपकिरी.

नख लागल्याचा राग आला आणि गेलाही. खरं की प्लास्टिकचं, हा त्यांचा प्रश्न मात्र मनातून जाईना. त्यांनी तो का विचारावा हे मला चांगलंच कळत होतं. दवाखान्याच्या काउंटरवर, हॉटेलातल्या बेसिनशेजारी, नव्या फ्लॅटच्या टीव्हीखाली, सगळीकडे कापडाचं किंवा प्लास्टिकचं फॅलेनॉप्सिस उभं असतं. हल्ली तर त्याला रबरी मुळंसुद्धा लावतात आणि बुडाशी हिरवा रंग दिलेलं शेवाळ. आणि खरं फूल तरी खरं असल्याची कोणती खूण देतं? पाकळी जाड, मेणचट, हाताला गार. पंख्याच्या वाऱ्यानं दांडा डुलला तरी पाकळी थरथरत नाही. वास बहुतेकांना नाहीच. फेब्रुवारीच्या शेवटी उमललेलं फूल एप्रिल संपत आला तरी तसंच्या तसं, कडेला एक सुरकुतीसुद्धा नाही. फूल म्हटल्यावर आपण ज्या ज्या गोष्टींची वाट बघतो, त्यातलं ते काहीच करत नाही. मग माणूस नख लावूनच बघणार.

सासूबाईंचा आक्षेपही याच अंगानं जाणारा. त्यांचं आयुष्य गेलं मोगरा, जाई, अनंत आणि तगरीच्या संगतीत. पहाटे परडी घेऊन बाहेर पडायचं, उमलती कळी खुडायची, देवावर वाहायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निर्माल्य उचलायचं, हा त्यांच्या दिवसाचा ताल. त्या एकदा मला म्हणाल्या, "तुझं हे फूल देवाला वाहीन मी, पण उतरवू कधी? ते कोमेजतच नाही." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खराच पेच होता. वास नसलेलं एक वेळ चालवून घेतील. जास्वंदीला कुठे वास असतो? पण संध्याकाळी मान न टाकणारं फूल त्यांच्या पूजेत बसेना. मलाही तेव्हा त्यांना काही सांगता आलं नाही. सकाळी उमलून रात्री गळणाऱ्या फुलात जी हुरहूर असते, ती माझ्यातही आहेच की. मोगऱ्याचा गजरा उशाशी ठेवून झोपायची सवय माझी अजून गेलेली नाही.

तरीही गणपतीत आमच्या मखराला ऑर्किड लागतंच. मोठे दीर आदल्या रात्री दादरच्या फूलबाजारातून काड्यांचे जुडगे घेऊन येतात. गडद जांभळ्या कडा आणि मध्ये पांढरं, ते बाजारात सगळ्यात जास्त दिसणारं डेंड्रोबियम. त्याचं नाव 'सोनिया'. लग्नाच्या हॉलच्या कमानीत, नवरदेवाच्या गाडीवर, व्यासपीठावरच्या गुच्छात, सगळीकडे ते असतं, आणि त्याला नाव आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. थायलंडहून येणाऱ्या काडीच्या टोकाला पाण्याची बोटाच्या पेराएवढी नळी बसवलेली असते. लहान असताना माझा मुलगा मखर उतरवायच्या दिवशी त्या नळ्या गोळा करून ठेवायचा. या सोनियाच्या वंशावळीत मागे मागे जात राहिलं की ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाकडचं एक रानटी डेंड्रोबियम लागतं. क्वीन्सलंड राज्यानं 1959 साली त्याला आपलं राज्यफूल केलं. तिथल्या खडकांवर आणि झाडांवर वाढणारी ती जांभळी फुलं, माणसांनी पिढ्यान् पिढ्या जोड्या जुळवून मोठी केली, काडी लांब केली, टिकाऊ केली, आणि ती आमच्या गणपतीच्या डोक्यावर येऊन बसली. विसर्जनानंतर हीच काडी निर्माल्य कलशात सगळ्यात वर ताठ पडलेली असते. बाकी सगळ्या फुलांचा लगदा झालेला असतो.

काकूंच्या भेटीनंतर महिन्याभरात माझी एक मैत्रीण राहायला आली. सह्याद्रीच्या घाटवाटा पायाखाली घालणारी. कासच्या पठारावर टूथब्रश ऑर्किड कधी फुलतं, कुठल्या देवराईतल्या कुठल्या झाडावर कोणती आमरी, म्हणजे रानातलं ऑर्किड, आहे, सगळं तिला तोंडपाठ. सकाळचा चहा घेऊन ती गॅलरीत बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "सुंदर आहेत गं. पण ही खरी नव्हेत. माणसानं जुळवून आणलेली." म्हणजे एकीला फूल खरं वाटत नव्हतं आणि दुसरीला ऑर्किड. मी दोघींपुढे गप्प बसले, आणि मग कितीतरी दिवस कुंड्यांना पाणी घालताना एकटीच उत्तरं देत राहिले.

मैत्रिणीला काय म्हणायचंय ते मला नवीन नाही. माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. घरामागच्या फणसावर आणि पायवाटेच्या आंब्यावर सीतेची वेणी ही आमरी असायची. ज्येष्ठ लागला, पहिला पाऊस पडून गेला की एक दिवस अचानक फांदीवरून गुलाबी-पांढरे घोस खाली लोंबायला लागायचे, आणि झाडाखालून जाताना मंद गोड वास यायचा. पावसाळ्याआधी आंब्याची साफसफाई करायला गडी चढायचे. कोयतीनं बांडगूळ छाटता छाटता आमरीचे गड्डेही खाली यायचे. आजीच्या लेखी तेही बांडगूळच. बांडगूळ झाडाचा रस शोषून जगतं आणि आमरी नुसती सालीला धरून राहते, पाऊस, दव आणि सालीवरचा पालापाचोळा यांच्यावर भागवते, झाडाचं काही घेत नाही, हे मी कॉलेजात गेल्यावर शिकले. तोवर फणसावरच्या वेण्या संपल्या होत्या. ठाण्याच्या घरात पहिलं ऑर्किड आणलं ते त्या फणसाच्या आठवणीनंच. पण आणलं ते नर्सरीतलं, संकरित. माहेरच्या झाडावरचा एखादा उरलासुरला गड्डा काढून आणायचा विचारही मनात आला नाही, याचं मला समाधान आहे. तो इथे सातव्या मजल्यावर, सिमेंटच्या तापलेल्या भिंतीला किती दिवस तगला असता?

यावर मी मैत्रिणीशी मनातल्या मनात भांडले ते निळ्या व्हँडा ऑर्किडच्या साक्षीनं. गॅलरीच्या ग्रिलला ती लाकडी टोपलीत टांगलेली आहे. कुंडी नाही, माती नाही, कोळशाचे चार तुकडे तेवढे. मुळं हातभर खाली लोंबतात. जांभळटाकडे झुकणारं निळं फूल आणि त्यावर गडद रेषांची जाळी. ही जाळी हिला आली मेघालयातल्या खासी डोंगरातल्या रानटी निळ्या व्हँडाकडून. त्या व्हँडाची फिलिपिन्समधल्या एका मोठ्या, गोल, भरदार फुलाच्या जातीशी जोडी जमवून जो संकर झाला, त्याची 'रॉथशिल्डियाना' या नावानं 1931 साली नोंद झाली. बाजारातल्या निळ्या व्हँडांच्या घराण्यात हे नाव हटकून सापडतं.

आता त्या खासी डोंगरातल्या आजीची कहाणी. जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ 1850 साली तिथे पोचला, तेव्हा ती ओकच्या झाडांवर फुललेली होती. त्यानं आणि त्याच्या सोबत्यानं लंडनजवळच्या क्यू बागेसाठी सात माणसांना पेलतील एवढी ओझी गोळा केली. त्यातली फारच थोडी झाडं जिवंत पोचली. जागा बघून घ्यायला म्हणून दुसऱ्या एका गृहस्थानं आपला माळी त्याच्याबरोबर धाडला होता. त्यानं पाठवलेलं एका माणसाचं ओझं इंग्लंडला पोचलं तेव्हा पार मरगळलेलं होतं, तरी ते तीनशे पौंडांना विकलं गेलं. हे हूकरनं स्वतःच प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय, लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलं नाही. सात माणसांची ओझी! ती ओकच्या सालीवरून सोलून काढताना मुळांचा जो चर्रकन आवाज होतो, तो मला माहीत आहे. व्हँडाचं मूळ एकदा लाकडाला चिकटलं की ते सुटत नाही, तुटतं. आज ही रानटी निळी व्हँडा आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. आणि माझ्या ग्रिलवर लोंबणाऱ्या तिच्या नातीसाठी कुठल्याही डोंगरावरच्या सालीला हात लावावा लागलेला नाही. मैत्रिणीच्या वाक्यात 'माणसानं जुळवून आणलेली' हा कमीपणा होता. मला तोच तिचा मोठेपणा वाटतो.

अर्थात जुळवणंही सोपं नव्हतं.

इंग्लंडमध्ये एक्सेटरच्या व्हीच नर्सरीतल्या जॉन डॉमिनी नावाच्या माळ्यानं, गावातल्या एका शल्यविशारदाच्या सल्ल्यावरून, कॅलँथी ऑर्किडच्या दोन जातींचा संकर केला आणि त्याला 1856 साली फूल आलं. माणसानं घडवलेलं हे पहिलं संकरित ऑर्किड. गंमत म्हणजे त्याचे आई आणि बाप, दोन्ही जाती आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातही वाढतात. पण तिथून पुढची वाट बिकट होती, ती बियांमुळे. ऑर्किडची एक शेंग फोडली तर आत लाखो बिया निघू शकतात, पण त्या धुळीसारख्या. फुंकर मारली की गेल्या. गव्हाच्या दाण्यात रोपापुरती शिदोरी असते तशी यांच्यात काहीच नसते. रानात एक विशिष्ट बुरशी त्या बीमध्ये शिरते आणि तिला भरवते, तेव्हाच ते रुजतं. नोएल बर्नार नावाच्या फ्रेंच तरुणाला हे 1899 साली उमगलं. आणि 1922 साली अमेरिकेत लुईस नडसननं दाखवून दिलं की अगर या जेलीत साखर आणि क्षार घातले तर बुरशीशिवायही बी रुजतं. त्या साखरेनं सगळं बदललं. एरवी हजारातली एखादी बी जगायची, आता बाटलीभर रोपं उगवायला लागली. आज नोंद झालेल्या ऑर्किड संकरांची संख्या एक लाखाच्या कितीतरी पुढे गेलीय. ही वंशावळ 1906 पासून छापून ठेवलेली आहे, आणि 1961 पासून इंग्लंडची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ती सांभाळते. कुठल्याही नोंदलेल्या संकराचे आई-बाप, आजी-आजोबा, पणजी शोधत शोधत थेट रानापर्यंत जाता येतं. मी कितीदा तरी रात्री जेवणं आटोपल्यावर हाच उद्योग करत बसते.

पण या गोष्टीला आणखी एक पान आहे, आणि तिथे काकूंचा प्रश्न परत येतो. जॉर्ज मोरेल या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1960 साली सिंबिडियम ऑर्किडच्या कोंबाच्या टोकाच्या चिमुकल्या पेशीपुंजापासून हुबेहूब तसंच झाड तयार करण्याची रीत मांडली. आज मॉलमध्ये, नर्सरीत, दिवाळीच्या भेटीत जे फॅलेनॉप्सिस मिळतं ते बहुतेक असंच, एका निवडक झाडाची प्रत. तैवानात आणि नेदरलंड्समध्ये त्यांची प्रचंड काचघरं आहेत. काकूंनी नख लावलं त्या झाडाची पांढऱ्या पाकळीवरची फिकट गुलाबी शीर न् शीर कुणा अनोळखी माणसाच्या टेबलावर हुबेहूब तशीच असेल. म्हणजे साच्यातून काढल्यासारखं वाटलं यात त्यांची नजर अगदीच फसलेली नव्हती. हे मान्य करताना मला जरा जड गेलं. पण मग मी त्या झाडाकडे नीट बघितलं. काचघरातून निघाल्याला त्याला आता बरीच वर्षं झालीत. खालच्या पानाला कबुतरानं चोच मारल्याचा ओरखडा आहे. एक मूळ कुंडी सोडून बाहेर पडलंय आणि ग्रिलच्या सळीला वेटोळं घालून बसलंय. आणि आता एका पाकळीवर नखाची कोर. प्रती असतील हजारो, ग्रिलला मिठी मारून बसलेलं हे एकच.

फुलापेक्षा माझा जीव खरं तर मुळांत जास्त गुंतलाय. मूळ कोरडं असताना चंदेरी पांढरं दिसतं, कारण त्यावर मृत पेशींचं स्पंजसारखं आवरण असतं. सकाळी साडेसहाला व्हँडाच्या मुळांवर पाण्याचा फवारा मारला की तो चंदेरी रंग डोळ्यांदेखत विरतो आणि आतला हिरवा वर येतो, टोकाकडून बुडाकडे, ठिपक्याठिपक्यांनी. दोन-तीन सेकंदांचा खेळ. घरातलं कुणी उठलेलं नसतं, दूधवाल्याची सायकल खाली येते तेवढीच. मुळं पूर्ण हिरवी झाली म्हणजे पोट भरलं, परत चंदेरी होईपर्यंत पाणी द्यायचं नाही. ऑर्किडला कधी पाणी द्यायचं असं मला बरेच जण विचारतात, त्याचं एवढंच उत्तर आहे. आमच्याकडचं नळाचं पाणी धरणांचं, गोडं, ते यांना मानवतं. पुण्याच्या धाकट्या बहिणीकडे बोअरचं पाणी. तिच्या कुंड्यांच्या कडांना आणि मुळांना क्षारांची पांढरी साय धरायची. आता ती पावसाचं पाणी पिंपात भरून ठेवते. खत म्हणाल तर शेतकऱ्यांच्या दुकानातलं एकोणीस-एकोणीस-एकोणीस, लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. माती कुणालाच नाही. डेंड्रोबियमला नारळाची सोडणं आणि लोणारी कोळसा, फॅलेनॉप्सिसला झाडाच्या सालीचे तुकडे. एवढं केलं की बाकी काम हवेचं.

हवेवरून आठवलं. ठाण्याच्या उकाड्यात फॅलेनॉप्सिसला नुसती पानं येत राहतात. मोठी, टवटवीत, आणि फुलाचं नाव नाही. त्याला दांडा काढायला काही आठवडे पारा पंचविशीच्या खाली राहायला लागतो. तेवढा गारवा आमच्याकडे फक्त डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींना. त्या दिवसांत मी गॅलरीची काच सताड उघडी ठेवते, नवरा दुलई नाकापर्यंत ओढून झोपतो. मग जानेवारीत कधीतरी पानाच्या बेचक्यातून एक हिरवं टोक डोकावतं. ते मूळ आहे की फुलाचा दांडा, हे ओळखायला चार दिवस जावे लागतात. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत. दांड्याचं टोक जरा चपटं, एका बाजूला कललेलं. बोटानं चाचपायचं नाही, मोडतं. फक्त रोज बघायचं. हे चार दिवस मला वर्षातले सगळ्यात आवडते.

काही वर्षांपूर्वी एका ऑर्किडवाल्यांकडून मी रोपांची बाटली घेतली. बोर्निओतलं बेलिना नावाचं एक फॅलेनॉप्सिस आहे, फूल लहान, हिरवट-पिवळं, मध्ये जांभळा भडका, आणि वास असलेलं. त्याचा एका गुलाबी संकराशी संकर. काचेच्या बाटलीत तळाला काळसर जेली आणि तिच्यात नखाएवढ्या पानांची पंचवीस-तीस रोपं एकमेकांत गुंतलेली. श्रावणातल्या एका दुपारी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून हलकेच फोडली आणि स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये कोमट पाण्याच्या बारीक धारेखाली ती रोपं धुवायला बसले. जेलीचा थोडासा कण जरी मुळाला राहिला तरी त्यावर बुरशी धरते, म्हणून एकेक मूळ बोटांच्या टोकांनी चोळत, सोडवत. जेलीला आंबट-गोडसर वास होता. मुळं मऊ, आतून वाकलेली, बाहेरची हवा त्यांनी जन्मात पाहिलेली नाही. सासूबाई भाजी चिरता चिरता शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि काही न बोलता त्यांनी हातातली सुरी ठेवली, ओच्याला हात पुसले आणि धुतलेली रोपं माझ्या हातून घेऊन ओल्या शेवाळावर ओळीनं मांडायला लागल्या. त्यांच्या हाताला रोपांची सवय, मिरचीची, वांग्याची, नाचणीची. दुपार केव्हा सरली कळलं नाही.

सगळी काही जगली नाहीत. जी जगली ती एका आईबापाची असूनही एकासारखं एक नाही. कुणाचं पान रुंद, कुणाचं निमुळतं, कुणाच्या पानाला खालून जांभळी झाक. बियांपासून आलेल्या संकराचं हेच तर आहे, पत्त्यांचा जोड दर वेळी नव्यानं पिसला जातो. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यातल्या एकाला पहिलं फूल आलं. रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. बाहेरच्या बाजूला पोपटी, आत येता येता गुलाबी, आणि अगदी मध्ये असा जांभळा की डोळा ठरू नये. मी त्याच्यापुढे उभी होते आणि एकदम लक्षात आलं की हे फूल आजवर कुणीही पाहिलेलं नाही. बाटली भरणाऱ्यांनी नाही, विकणाऱ्यांनी नाही, संकरांच्या त्या यादीत वर्षानुवर्षं नावं लिहिणाऱ्यांनी नाही. या रंगांची ही मांडणी या गॅलरीत पहिल्यांदा जगात आली होती. मी सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, चष्मा सारखा केला, वाकल्या आणि चटकन वर बघितलं. "वास आहे गं याला!" होता. लिंबाच्या फुलाजवळ जाणारा, ऊन चढेल तसा वाढणारा, दुपारनंतर विरणारा. मी म्हटलं, "देवाला हवंय का?" त्या म्हणाल्या, "एकच तर आहे. राहू दे झाडावर."

त्यांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर मला त्याच आठवड्यात मिळालं. दुसऱ्या एका पिवळ्या फॅलेनॉप्सिसची फुलं मार्चपासून टिकून होती. दात कोरायची काडी घेतली, नव्या फुलाच्या मधल्या दांड्याच्या टोकावरची टोपी अलगद उचलली. आत मोहरीहून लहान दोन पिवळ्या, मेणासारख्या गोळ्या असतात. परागांचे गोळे. त्यांच्या देठाला आपलाच चिकट ठिपका असतो, तो काडीला लगेच धरतो. त्या नेऊन पिवळ्या फुलाच्या दांड्याखालच्या ओल्या खळगीत बसवल्या. दोन दिवसांत ते पिवळं फूल मिटायला लागलं. तीन महिने न हललेल्या पाकळ्या मऊ पडल्या, पुढे झुकल्या, शिरा पारदर्शक झाल्या, आणि मागचा देठ फुगायला लागला. शेजारची, पराग न मिळालेली फुलं तशीच ताठ. ऑर्किडचं फूल महिनोन् महिने कोमेजत नाही ते कुणीतरी यायची वाट बघत असतं म्हणून. आलं, की त्याचं काम झालं. हे सासूबाईंना दाखवलं तेव्हा त्या त्या मिटलेल्या फुलाजवळ कितीतरी वेळ थांबल्या. "एवढे दिवस वाट बघायची म्हणजे..." एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

आता ती शेंग करंगळीएवढी झालीय. हिरवीगार, सहा कंगोरे असलेली. तिच्या देठाला मी लाल दोरा बांधलाय आणि चिठ्ठीवर तारीख आणि बापाचं नाव लिहिलंय. आईच्या नावाची जागा रिकामी आहे. पिवळं झाड नर्सरीतून आलं तेच लेबलाशिवाय, आणि आईबाप दोन्ही ठाऊक असल्याशिवाय त्या मोठ्या यादीत नोंद होत नाही. आणखी एक अडचण आहे. बाजारातली मोठ्या फुलांची फॅलेनॉप्सिस बहुतेक गुणसूत्रांचे चार संच घेऊन असतात, आणि रानातल्या जातींत दोनच. अशा जोडीची शेंग दिसायला भरलेली असली तरी आतलं बी पोकळ निघू शकतं. ते आता कळायचं नाही. शेंग हिरवी असतानाच, तडकायच्या आधी प्रयोगशाळेत द्यायची असते. म्हणजे दिवाळीच्या सुमारास. तोवर पावसाचं पाणी शेंगेच्या देठाशी साचू द्यायचं नाही, गोगलगायींवर रात्री टॉर्च घेऊन लक्ष ठेवायचं, आणि कबुतरांसाठी गॅलरीला नवी जाळी बसवायचीय. जाळीवाला शनिवारी येतो म्हणालाय.